सेल्फची मोटर फिरते, इंजिन फिरत नाही: वन-वे क्लचची तपासणी आणि दुरुस्ती

बटण दाबलं की ‘सुंऽऽ’ असा मोकळा आवाज. मोटर जोरात फिरतेय हे कळतं, पण इंजिन जागचं हलत नाही. दोन-तीनदा सोडून दाबलं की एकदम ‘खट्’ होतं, पकडतं आणि गाडी सुरू होते. पंधरा दिवसांनी दोनाच्या जागी दहा वेळा दाबावं लागतं आणि मग एक दिवस नुसतंच ‘सुंऽऽ’. हा स्टार्टर क्लच. पार्टच्या दुकानात तो ‘वन-वे’ म्हणून मागतात, बुलेटवाले ‘स्प्रॅग’ म्हणतात.

हत्यारं हाताशी असली तर हा पार्ट बदलणं अर्ध्या दिवसाचं काम आहे. अडचण वेगळीच आहे. नवा वन-वे टाकलेली गाडी चार-सहा महिन्यांत तोच आवाज घेऊन परत येते आणि दोष ‘डुप्लिकेट माल’ला दिला जातो. कधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा जुना वन-वे ज्या कारणानं मेला ते कारण गाडीत तसंच शिल्लक असतं: अर्धमेली बॅटरी, मॅग्नेटची (इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या टोकावरच्या चुंबकी चाकाची) कापलेली चावी, काळंकुट्ट झालेलं ऑईल. म्हणून खोलण्या-बसवण्याइतकीच जागा इथे कारण शोधण्याला दिली आहे.

आत काय चालतं

स्टार्टर मोटर लहान असते. तिच्यात वेग भरपूर, ताकद कमी. मधला आयडलर गिअर तिचा वेग उतरवून ताकद वाढवतो आणि ती मोठ्या स्टार्टर गिअरला देतो. काही १०० सीसी गाड्यांत हेच काम एक छोटी चेन करते. हा मोठा गिअर क्रँकवर (पिस्टननं फिरणाऱ्या मुख्य शाफ्टवर) बसलेला असला तरी क्रँकला बांधलेला नसतो. बुशवर किंवा नीडल बेअरिंगवर तो मोकळा फिरतो. त्याच्या एका बाजूला आरशासारखा गुळगुळीत हब असतो. हा हब मॅग्नेटच्या पाठीला बोल्टनं बांधलेल्या क्लच हाउसिंगमध्ये शिरतो. १०० ते १५० सीसीच्या बऱ्याच गाड्यांत त्या हाउसिंगमध्ये तीन उतरत्या खाचा असतात. प्रत्येक खाचेत एक रोलर, त्याला मागून ढकलणारी स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या टोकाला टोपीसारखा प्लंजर.

उतारावर उभ्या केलेल्या उसाच्या ट्रॉलीच्या चाकाखाली दगड लावतात, तो डोळ्यासमोर आणा. चाक उताराच्या बाजूला सरकायला बघतं तेव्हा दगड आणखी घट्ट बसतो, उलट्या बाजूला ओढलं की सुटतो. रोलरचं तसंच. मोटरनं गिअर फिरवला की रोलर खाचेच्या अरुंद टोकाकडे जाऊन हब आणि हाउसिंगच्या मध्ये पाचरीसारखा अडकतो आणि क्रँक फिरते. इंजिन सुरू झालं की हाउसिंग हबपेक्षा जोरात फिरायला लागतं, रोलर रुंद टोकाकडे सुटतो आणि मोटर मोकळी होते. तो सुटला नाही तर काय होईल? समजा मोटरचे दहा फेरे म्हणजे क्रँकचा एक फेरा. इंजिन पाच हजारावर गेलं तर मोटर पन्नास हजारावर जाईल. मोटरच्या आर्मेचरची तारा-गुंडाळी तेवढ्यात उधळते.

पाचरीचा कोन फार लहान असतो, साधारण ६ ते ८ अंश. ऑईल लागलेल्या पोलादावर पोलाद जेवढं धरतं तेवढ्यात रोलर घसरू नये, म्हणून हा हिशेब. रोलर किंवा हब थोडा झिजला, खाचेत बारीकसा खड्डा पडला, की कोन बदलतो आणि पकड जाते. झीज डोळ्याला दिसत नाही, पण क्लच घसरतो, त्याचं कारण हे. हबला खरखरीत पॉलिश पेपर मारून ‘पकड वाढवण्याचा’ उपायही म्हणूनच चुकीचा आहे. इथली पकड कोनातून येते, खरखरीतपणातून नाही. शिवाय हबच्या पृष्ठावर कडक केलेला थर पातळ असतो. तो घासून काढला की खालचं मऊ पोलाद उघडं पडतं आणि रोलर त्यात महिन्याभरात नाली पाडतो.

रॉयल एनफिल्डच्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये असलेल्या) इंजिनात रोलरऐवजी स्प्रॅग असतात. जाळीत ओळीनं बसवलेले, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे पोलादी तुकडे. एका बाजूला ते आडवे होऊन मोकळे राहतात, दुसऱ्या बाजूला उभे राहून धरतात. तत्त्व तेच.

होंडाच्या अ‍ॅक्टिव्हा ६जी किंवा एसपी १२५ सारख्या आवाज न करता सुरू होणाऱ्या गाड्यांत मात्र मॅग्नेटच मोटरचं काम करतो. तिथे हा क्लचच नाही, तेव्हा त्यांना या लेखातलं बहुतेक काही लागू नाही.

कव्हर उघडण्याआधी

आवाजावरून निम्मं निदान होतं. बटण दाबल्यावर नुसतं ‘कट्’ होत असेल तर बॅटरी, रिले किंवा केबल बघा. ‘कटकटकट’ असा भराभर आवाज म्हणजे बॅटरी उतरलेली. इंजिन फिरतं पण दम लागल्यासारखं हळू, तर बॅटरी किंवा मोटरचे कार्बन ब्रश. काहीच आवाज नाही, तर किल-स्विच, क्लच-स्विच, साइड स्टँडचा स्विच, फ्यूज. यातल्या एकाही लक्षणाला वन-वे जबाबदार नसतो. मोटर मोकळी आणि जोरात फिरते पण इंजिन स्थिर, एवढंच त्याचं स्वतःचं लक्षण.

त्यातही दोन पोटजाती आहेत. पहाटे गार इंजिनाला घसरतो आणि तापल्यावर नीट पकडतो, तर ऑईल घट्ट किंवा घाण झालंय आणि रोलर चिखलात रुतल्यासारखे हळू सरकताहेत, ही शक्यता मोठी. पहाटे पाचला दूध डेअरीला घालायला निघणाऱ्या गाड्यांत थंडीच्या दिवसांत हे फार दिसतं. उलट गार असताना पकडतो आणि तापल्यावर, ऑईल पातळ झाल्यावर घसरतो, तर झीज झालेली आहे. पहिल्या प्रकारात कव्हर उघडण्याआधी कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं ऑईल भरून आणि फिल्टर किंवा जाळी साफ करून शंभर-दीडशे किलोमीटर गाडी चालवून बघा. कधी कधी काम तिथेच संपतं. दुसऱ्या प्रकारात ऑईलवर पैसे घालवू नका.

तिसरं लक्षण सगळ्यात वाईट. इंजिन सुरू झाल्यावरही मोटर फिरत राहिल्याचा कर्कश आवाज येतो, बटण सोडलं तरी. म्हणजे रोलर अडकून बसलाय. इग्निशन लगेच बंद करा आणि गाडी परत सुरू करू नका. चौथं, आयडलवर मॅग्नेटच्या बाजूनं खडखड आणि अ‍ॅक्सिलरेटर दिला की ती कमी होते. हाउसिंगचे बोल्ट सैल झाले असतील. या अवस्थेत किक मारून ‘चालतंय तोवर चालवू’ असं करू नका. सुटलेला बोल्ट मॅग्नेटच्या मागे फिरताना कव्हर फोडतो, कॉईलही कापतो.

खात्री करायची एक सोपी परीक्षा आहे. बऱ्याच गाड्यांच्या डाव्या कव्हरच्या मध्यभागी एक गोल टोपण असतं. ते काढलं की मॅग्नेटचा नट दिसतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि टोपणातून बघत दुसऱ्या माणसाला बटण दाबायला सांगा. मोटरचा आवाज येतोय आणि नट स्थिर, तर घसरण मोटर आणि क्रँकच्या मध्ये कुठेतरी आहे. मग बटणावरचा हात काढून इग्निशन बंद करा, स्पार्क प्लग काढा आणि त्या नटावर सॉकेट लावा. मॅग्नेट डावीकडे असलेल्या गाड्यांत डावीकडून बघताना इंजिन घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरतं. त्या दिशेला नट हलका फिरायला हवा. आता पाव फेरा घड्याळाच्या दिशेनं फिरवा. क्लच ठीक असेल तर इथे एकदम जड लागेल आणि आतून गिअर व मोटर फिरल्याचा गुरगुराट येईल, कारण उलट्या दिशेला क्लच धरतो. दोन्हीकडे सारखाच हलका फिरला तर क्लच धरत नाही. पाव फेऱ्यापेक्षा जास्त उलटं फिरवायची गरज नाही.

एक अपवाद लक्षात असू द्या. मोटरच्या शाफ्टचे दाते किंवा आयडलरचे दाते तुटले तरी हीच लक्षणं दिसतात. फरक आवाजात. घसरणारा क्लच ‘सुंऽऽ’ करतो, तुटलेले दाते ‘कर्रर्र’ करतात. शंका असेल तर दोन बोल्ट काढून मोटर बाहेर घ्या आणि टॉर्चनं आत बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

आता बॅटरी. हे कव्हरआधीच करायचं, कारण बहुतेक वेळा खुनी इथेच सापडतो. गाडी रात्रभर उभी असताना मल्टीमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२.४ चालतील, १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. मग बटण दाबून ठेवून वाचा: आकडा ९.६ च्या खाली जायला नको. ही परीक्षा इंजिन खरोखर फिरत असतानाच खरी. वन-वे घसरत असेल तर मोटरवर लोड नसतो आणि मेलेली बॅटरीही चांगली दिसते. अशा वेळी बॅटरी लोड टेस्टरवर तपासून घ्या आणि बसवून झाल्यावर वाचन पुन्हा घ्या. क्रँक फिरत असताना बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून मोटरच्या टर्मिनलपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली तर रिलेचे पॉइंट किंवा केबलचं टोक खराब आहे.

कमजोर बॅटरी वन-वेला कशी मारते

आयडलच्या वेगाला स्पार्क पिस्टन वर पोहोचण्याच्या थोडा आधी पडतो. क्रँक पुरेशा वेगानं फिरत असेल तर जाळ पसरेपर्यंत पिस्टन वरचं टोक ओलांडून गेलेला असतो. बॅटरी अर्धमेली असेल तर क्रँक कसाबसा, अडखळत वर येतो. पिस्टन टोक ओलांडायच्या आधीच दाब वाढतो आणि क्रँक उलटा फेकला जातो. किक मारताना पायाला बसणारा झटका तो हाच, फक्त इथे पाय नाही, वन-वे आहे.

उलट्या दिशेला वन-वे सुटत नाही, धरतो. म्हणजे अख्खा झटका तीन रोलरमधून गिअरकडे आणि तिथून मोटरकडे जातो. मोटरचा आर्मेचर हलका दिसतो, पण क्रँकला त्याचं जडत्व गिअरच्या गुणोत्तराच्या वर्गाइतकं जाणवतं. दहाला एक असं गुणोत्तर धरलं तर शंभर पट. एवढं वजन एका क्षणात उलटं फिरवायचं म्हटल्यावर रोलर हबमध्ये घुसतो, खाचेत खड्डा पडतो, हाउसिंगला केसासारखी चीर जाते, आयडलरचा दाता उडतो. ‘धडाम्’ किंवा ‘खडाक्’ असा एकच आवाज होऊन त्यानंतर सेल्फ गेला असेल, तर कारण बहुधा हेच.

म्हणून बॅटरी ‘किटी-किटी’ करायला लागली की बटण दाबत बसू नका. किक असेल तर किक मारा. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी अनेकांना किक नाही. तिथे बॅटरी चार्ज करणं किंवा दुसऱ्या गेअरात ढकलून सुरू करणं बरं. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबायचा नाही आणि पुढच्या दाबाआधी दहा-पंधरा सेकंद थांबायचं. इंजिन बंद करताना शेवटी येणाऱ्या बारीक ‘टक्’ला घाबरू नका. थांबताना क्रँक कॉम्प्रेशनमुळे किंचित मागे येते, तो तिचा आवाज आहे.

खोलताना

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. मॅग्नेटच्या बाजूला ऑईल असणाऱ्या इंजिनांत ऑईल पूर्ण काढून घ्या. साइड स्टँडवर गाडी डावीकडे झुकते आणि कव्हर सुटताच ऑईल जमिनीवर येतं, तेव्हा मेन स्टँडच लावा. गेअर लिव्हर काढण्याआधी त्याच्या फटीसमोर शाफ्टवर पंचचा एक ठिपका द्या, नाहीतर बसवताना लिव्हर एक दाता वर-खाली जातो. कॉईलच्या वायरचे कपलर ओढून नाही, लॉक दाबून सोडवा.

कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरची आकृती काढून त्या-त्या भोकात तो-तो बोल्ट खोचून ठेवला की पुढचा गोंधळ टळतो. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर अ‍ॅल्युमिनियमची केस फुटते. फुलीचे स्क्रू असतील तर साध्या स्क्रू-ड्रायव्हरनं डोकी खाऊ नका, हातोडीनं मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. मॅग्नेट कव्हरला आतून ओढून धरतो आणि सुटताना ते झटक्यानं येतं, बोटं मध्ये ठेवू नका. फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका, पॅकिंगची जागा ओरखडली की ऑईल गळणारच. दोन डॉवेल (कव्हर नेमक्या जागी बसवणाऱ्या पिना) कव्हरला चिकटून येतात की केसमध्ये राहतात, ते बघून ठेवा. आयडलर गिअर, त्याचा शाफ्ट आणि वॉशर ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं ठेवा, फोटो काढा.

मॅग्नेटचा नट सोडवताना मॅग्नेट पट्ट्याच्या होल्डरनं धरा. फटीत छिन्नी घालून अडकवू नका. नट निघाला तरी मॅग्नेट क्रँकच्या टेपरवर (निमुळत्या टोकावर) घट्ट बसलेला असतो आणि तो पुलरशिवाय (आट्यांनी ओढून काढायच्या हत्याराशिवाय) निघत नाही, काढूही नये. मागून हातोडीनं ठोकलं तर चुंबकाला तडा जातो, क्रँकची टोकं वाकतात, आणि हे दोन्ही खर्च वन-वेपेक्षा मोठे आहेत. पुलरचे आटे गाडीच्या मॉडेलनुसार बदलतात. बाजारात न मिळाल्यास व्हर्निअरनं आतला व्यास आणि आट्यांच्या मापपट्टीनं पिच घेऊन शिवाजी उद्यमनगरात लेथवर पुलर करून घेता येतो. कोल्हापूरसारख्या लेथच्या गावात हा पर्याय विसरू नका. पुलर पूर्ण आट्यांपर्यंत आत घाला, मधला बोल्ट ताणा आणि तरीही सुटला नाही तर त्या बोल्टच्या डोक्यावर पितळी हातोडीचा एक सरळ ठोका द्या. मॅग्नेटला थेट ज्योत लावू नका.

मॅग्नेट निघाला की पहिली नजर अर्धचंद्राकार चावीवर. ती कापलेली किंवा पिळलेली असेल तर समजा, मॅग्नेट क्रँकवर सरकला आणि टायमिंग, म्हणजे स्पार्क पडण्याची वेळ, बिघडलं. पुढे गेलेलं टायमिंग म्हणजे उलट झटका, आणि त्यानंतर वन-वे. अशा गाडीत नुसता वन-वे बदलला तर तो काही दिवसांचाच पाहुणा. चावी निघाली तर मॅग्नेटलाच चिकटलेली सापडते, जमिनीवर शोधत बसू नका.

टेबलावर

मॅग्नेट पालथा ठेवून, म्हणजे स्टार्टर गिअर वर दिसेल असा, गिअर दोन्ही बाजूंनी हातानं फिरवा. डावीकडे मॅग्नेट असलेल्या गाड्यांत तो घड्याळाच्या उलट्या दिशेनं लोण्यासारखा फिरला पाहिजे आणि घड्याळाच्या दिशेनं जागच्या जागी अडला पाहिजे. अडण्याआधी थोडा घसरतो का, एखाद्या ठिकाणीच पकडत नाही का, हे फिरवून-फिरवून दहा-वीस वेळा बघा. एकदा पकडला म्हणून ठीक म्हणू नका. मोकळ्या दिशेनं फिरवत वर उचलला की गिअर बाहेर येतो. रोलर आणि स्प्रिंग उडून जातात, वर कापड धरा.

हब बघण्यात घाई नको. रॉकेलनं धुऊन, पुसून, उजेडात फिरवा. रोलर जिथे फिरतात तो पट्टा चकचकीत हवा. निळसर झाक म्हणजे तापलाय. आडव्या बारीक रेघा म्हणजे घसरताना थरथरलाय. नख आडवं फिरवल्यावर अडकेल अशी नाली असेल तर गिअर गेला, नवे रोलर त्याला वाचवू शकत नाहीत. नख अडकत नसेल तर मायक्रोमीटर घ्या. रोलरचा पट्टा आणि हबची न वापरलेली कड, दोन्हीकडचा व्यास मोजा. इथे मर्यादा मिलिमीटरच्या काही शतांशांची असते, तेव्हा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला आकडाच खरा माना. व्हर्निअरवर एवढी बारीक झीज भरवशानं कळत नाही.

रोलर काचेवर लोळवा. चपटा भाग असलेला रोलर अडखळत जातो. तिन्ही मायक्रोमीटरखाली घाला. एक जरी लहान झालेला असेल तर भार उरलेल्या दोघांवर गेलाय. रोलर, स्प्रिंग आणि प्लंजर नेहमी पूर्ण सेटनं बदला. जुनी स्प्रिंग ताणून लांब करण्याचा जुगाड चालत नाही. पोलाद एकदा ओढलं गेलं की ते लवकरच परत आखडतं, शिवाय तिन्ही स्प्रिंगा सारख्या राहत नाहीत आणि रोलर वेगवेगळ्या वेळी पकडतात.

हाउसिंगच्या खाचेत, रोलर अडकतो त्या जागी बोटाचं टोक फिरवा. खड्डा लागला तर हाउसिंगही गेलं. चिरेसाठी जुना उपाय अजून चांगला आहे: हाउसिंग रॉकेलमध्ये बुडवून ठेवा, पुसून पूर्ण कोरडं करा, वर खडू घासा आणि पंधरा मिनिटं थांबा. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येऊन खडूवर ओली रेघ उमटते. बोल्टच्या भोकांजवळ आणि खाचांच्या कोपऱ्यांत विशेष बघा.

गिअरच्या आतलं बुश किंवा नीडल बेअरिंग लोक विसरतात. गिअर क्रँकवर चढवून बाजूला हलवा. तो डुलत असेल तर हब मध्यावर राहत नाही, एकाच रोलरवर सगळा भार येतो आणि नवा सेटही लवकर संपतो. ऑईलचं भोक तारेनं मोकळं करा. मधला आयडलर शाफ्ट वाकलाय का, दात्यांच्या कडा तुटल्यात का, हेही याच वेळी.

काय घ्यायचं याचा निर्णय आता सोपा होतो. हब आणि खाचा निर्दोष असतील तर रोलर-स्प्रिंगचा सेट पुरे. हबवर नाली असेल तर गिअर आणि हाउसिंग जोडीनंच घ्या. एक नवा आणि एक झिजलेला अशी जोडी जुळवू नका. स्प्रॅग असेल तर दुरुस्ती नाही, बदलच. तुकड्यांच्या कडा चपट्या झाल्यात किंवा जाळीभोवतीची स्प्रिंग तुटलीय, एवढं दिसलं तरी पुरे.

बसवताना

जुन्या बोल्टच्या आट्यांतला वाळलेला थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावायचा चिकट द्रव) तारेच्या ब्रशनं काढा आणि भोकांतले आटे टॅपनं साफ करून थिनरनं धुवा. ऑईल लागलेल्या आट्यांत थ्रेडलॉकर धरत नाही. हाउसिंगचे बोल्ट सैल होणं हा वारंवार दिसणारा दोष आहे आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा इथल्या आळसात असतं. प्रत्येक बोल्टला थ्रेडलॉकरचे दोन-तीन थेंब, सगळे आधी हातानं, मग आळीपाळीनं, शेवटी टॉर्क रेंचनं मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. वळवून खाल्लेल्या डोक्याचा बोल्ट परत वापरू नका, आणि कठीण पोलादाच्या बोल्टच्या जागी दुकानातला साधा बोल्टही नको. थ्रेडलॉकर पूर्ण बसायला चोवीस तास लागतात. शक्य असेल तर मॅग्नेट रात्रभर तसाच ठेवा.

खाचांत स्प्रिंग, प्लंजर, मग रोलर, सगळ्याला इंजिन ऑईल. ग्रीस नको. गार इंजिनात ते घट्ट होऊन रोलर रोखतं. गिअर वर ठेवून मोकळ्या दिशेनं हलकेच फिरवत दाबा आणि बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं एकेक रोलर मागे सारा. जोर लागत असेल तर थांबा, एखादा प्लंजर तिरपा झालाय. स्प्रॅग बसवताना बाजू नीट बघा. उलटा बसला तर सेल्फ मोकळा फिरेल आणि इंजिन सुरू झाल्यावर तेच मोटरला फिरवेल. गिअर आत गेल्यावर मघाची दिशेची परीक्षा परत करा.

क्रँकचा टेपर आणि मॅग्नेटचा आतला टेपर थिनरनं पुसून पूर्ण कोरडे ठेवा. इथे ऑईलचा थेंबही नको. मॅग्नेटला धरून ठेवतो तो टेपरच, चावी फक्त जागा दाखवते. ओल्या टेपरवर मॅग्नेट सरकतो, चावी कापली जाते आणि आपण परत लेखाच्या मध्यावर. मॅग्नेटच्या आत चिकटलेले लोखंडाचे कण कापडानं निपटून काढा. नट टॉर्क रेंचनं मॅन्युअलप्रमाणे. ‘अंदाजानं कचकन’ नको.

पॅकिंग नवं, डॉवेल जागेवर, वायरच्या रबरी ग्रॉमेटला थोडा सीलंट. पॅकिंगवर सीलंटचा थर फासू नका, त्याचे तुकडे ऑईलच्या जाळीत जातात. कव्हरच्या सहा मिलिमीटरच्या बोल्टांना ८ ते १२ न्यूटन-मीटर पुरतात. मोटरची ओ-रिंग कडक झाली असेल तर बदला. ऑईल मॅन्युअलच्या ग्रेडचं: होंडाच्या गाड्यांना १०डब्ल्यू-३०, जुन्या पल्सरला २०डब्ल्यू-५०, यूसीई बुलेटला १५डब्ल्यू-५०. कारचं ऑईल स्वस्त पडतं म्हणून टाकू नका. त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे गिअरच्या बाजूचा क्लचही घसरतो. डब्यावर जॅसो (दुचाकीच्या ऑईलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं असावं.

प्लग इंजिनात न लावता कॅपमध्ये खोचून, त्याचं धातूचं अंग इंजिनला अर्थ करून, दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. आवाज एकसारखा आला की प्लग लावून सुरू करा. दोन मिनिटं आयडल, बंद, ऑईलची पातळी परत बघा. मग गार इंजिनाला पाच आणि तापलेल्याला पाच वेळा सुरू करून बघा, आणि इंजिन साधारण चार-पाच हजार फेऱ्यांवर असताना बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट येतात का तेही. येत नसतील तर चार्जिंग दुरुस्त होईपर्यंत काम पुरं झालेलं नाही.

पुरात बुडालेली गाडी

कोल्हापूरच्या वाचकांसाठी हे वेगळं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी शिरलेल्या भागांत असंख्य दुचाकी इंजिनाच्या वरपर्यंत बुडाल्या. पाणी ओसरल्यावर ‘सुरू होते का बघू’ म्हणून बटण दाबलं जातं आणि तिथेच घात होतो. सिलेंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही. पिस्टन मध्येच थांबतो आणि मोटरचा सगळा जोर वन-वे, गिअर आणि कनेक्टिंग रॉडवर येतो. बुडालेल्या गाडीची आधी बॅटरी सोडवा. प्लग काढा, ऑईल काढा, एअर फिल्टर बाहेर घ्या. गाडी टॉप गेअरला टाकून मागचं चाक हातानं फिरवा, पाणी प्लगच्या भोकातून बाहेर येईल. सिलेंडरमध्ये दोन चमचे ऑईल घाला. स्वस्त ऑईल भरून पंधरा-वीस वेळा किक मारा किंवा चाक फिरवा, काढून टाका, दुधाळ दिसत राहिलं तर परत तेच करा. डावं कव्हर उघडून मॅग्नेटची बाजूही बघा. गाळ रोलरच्या खाचांत बसतो आणि ओले रोलर दोन-तीन दिवसांत गंजतात. गंजाचा खड्डा पडलेला रोलर घासून परत वापरता येत नाही.

गगनबावडा, राधानगरी भागात पूर नसला तरी पाऊस असतो. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत कव्हरच्या मधल्या टोपणाची ओ-रिंग वाळलेली असेल तर तिथून पाणी झिरपतं. पावसाळ्याआधी ती ओ-रिंग बदला आणि ऑईलच्या काचेत किंवा डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखा रंग दिसतोय का ते आठवड्यातून एकदा बघा.